बेतणारा आणि शिवणारा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा "शिवणकामातली एम. ए." असे मी थट्टेने सांगून टाकले. त्यांनी ते गंभीरपणे घेतले आणि पत्रिकेत छापण्याची तयारी दाखविली. थट्टा सोडली तरी गोष्ट खोटी नाही. आपल्या देशात आज वस्त्रप्रावरणे बेतण्याचे आणि शिवण्याचे शास्त्र पदवीनंतर दोन वर्षे शिकविले जाते आणि त्याला मास्टरची पदवी मिळते. 'मास्टर ऑफ डिझाईन' ही एक, 'मास्टर ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी' ही दुसरी. शिंप्याला आपण पूर्वीपासून 'मास्तर' म्हणत आलो आहोतच; आता विद्यापीठाच्या दर्जाची संस्था दुसऱ्या कोणाला तरी मास्टर म्हणू लागली आहे. हा बदल कसा घडला, त्यात कामगारांचा वाटा किती होता आणि तो वाटा मध्येच कोठे सांडला, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. मी स्वतः कोणत्याही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये; हिशेबाची ठेवावी.

मराठीत एक फार चांगला शब्द आहे. कापड अंगाच्या मापाने आखून कापणे याला आपण 'बेतणे' म्हणतो, आणि मनात आखलेल्या योजनेला 'बेत' म्हणतो. इंग्रजीतल्या 'डिझाईन' या शब्दाभोवती आज जेवढा बडिवार माजला आहे, तेवढे सगळे या दोन अक्षरांत आधीपासून बसलेले आहे. जुन्या काळी बेत आणि टाका एकाच माणसाच्या हातात होते. संत नामदेव शिंपी होते, हे लहान मूलही सांगेल. पण गज आणि कात्री यांचे रूपक असलेले त्यांचे पद शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. गज आणि कात्री ही बेतणाराची हत्यारे, सुई आणि दोरा ही शिवणाराची. नामदेवांच्या दुकानात ही चारही एकाच पेटीत असत.

बेतण्याचे ज्ञान कागदावर उतरविण्याचा खटाटोप युरोपात फार लवकर सुरू झाला. हुआन दे अल्सेगा नावाच्या स्पॅनिश माणसाने १५८० साली माद्रिदमध्ये शिंप्यांसाठी भूमितीचे पुस्तक छापले. अमुक पन्ह्याच्या कापडातून झगा किंवा डगला काढताना तुकडे कसे मांडावेत, म्हणजे कापड कमी लागेल, याच्या आकृत्या त्यात आहेत. त्या काळी कापड महाग आणि शिलाई स्वस्त. आजही कारखान्यात हीच रीत चालते. फरक एवढाच की तुकड्यांची मांडणी संगणक करतो.

पुढची पायरी टेपची. आधी शिंपी प्रत्येक गिऱ्हाईकासाठी कागदाची लांब पट्टी ठेवी आणि छाती, कंबर, बाही यांच्या जागी तिला खाचा पाडी. एका माणसाची पट्टी दुसऱ्याच्या उपयोगाची नसे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंचांच्या खुणा असलेला टेप आला आणि अंगाचा आकडा झाला. आकडा झाला म्हणजे कोष्टक होते, कोष्टक झाले म्हणजे ते वर्गात शिकविता येते. पॅरिसमध्ये आलेक्सी लाविन्य या शिंप्याने १८४१ साली बेतण्याची शाळा काढली. ती 'एस्मोद' या नावाने आजही चालू आहे.

यंत्राची कथा आपल्याला अधिक परिचित आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. बार्तेलेमी तिमोनिये या फ्रेंच शिंप्याने १८३० साली शिलाई यंत्राचे पेटंट घेतले आणि पॅरिसमध्ये ऐंशी यंत्रांवर लष्करी गणवेश शिवावयास घेतले. १८३१ च्या जानेवारीत पॅरिसच्या शिंप्यांनी ती यंत्रे फोडली. पुढे अमेरिकेत हाऊचे पेटंट १८४६ चे, सिंगरचे १८५१ चे. आणि सिंगर कंपनीने यंत्र हप्त्याने विकण्याची युक्ती काढल्यावर ते जगभर पसरले. हिंदुस्थानात ते १८७० नंतरच्या दशकात आले. यंत्रमात्राविषयी साशंक असणाऱ्या महात्माजींनीही सिंगरच्या यंत्राला १९२४ साली अपवाद म्हणून मान्यता दिली होती.

पण ज्या यंत्राने बेतणारा आणि शिवणारा यांची ताटातूट केली ते सिंगरचे नव्हे. ते काम कापण्याच्या यंत्राने केले. इंग्लंडात लीड्स येथील जॉन बॅरन याने १८५८ च्या सुमारास लाकडाचे पातळ पापुद्रे कापण्याची पट्ट्याची करवत पाहून तशीच कापडासाठी बनविली. आता एका वेळी एकच नव्हे, तर कापडाचे कितीतरी थर एकदम कापता येऊ लागले. एकाने बेतावे आणि पन्नास जणींनी शिवावे, असा हिशेब बसला. बेतणारा पुरुष, पगार चांगला, उभ्याने काम करणारा. शिवणाऱ्या बहुतेक बायका, पिसावर पैसे, मान खाली. न्यूयॉर्कच्या कामगारांत कापणाऱ्यांची शाखा स्वतःला इतरांहून वरची समजे. आमच्या चळवळीतही जाती असतात, हे सांगण्यास मला संकोच वाटत नाही.

आता न्यूयॉर्ककडे वळतो. कारण या कथेचा गाभा तेथे आहे.

स्त्रियांचे कपडे शिवणाऱ्या कामगारांची मोठी संघटना, इंटरनॅशनल लेडीज गार्मेंट वर्कर्स युनियन, तेथे १९०० साली स्थापन झाली. १९०९ च्या नोव्हेंबरात कूपर युनियन सभागृहात पुढाऱ्यांची लांबलचक भाषणे चालली असता क्लारा लेमलिच नावाची तेवीस वर्षांची मुलगी उठली आणि पुरे झाली भाषणे, संप करू या, अशा अर्थाचे यिद्दीश भाषेत बोलली. त्या संपाला 'वीस हजारांचे बंड' म्हणतात. बहुतेक मालकांनी तडजोड केली. ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीच्या मालकांनी मात्र युनियनला मान्यता दिली नाही.

१९११ च्या मार्च महिन्याची २५ तारीख. शनिवार, सुटीची वेळ जवळ आलेली. आठव्या मजल्यावर कापणाऱ्यांच्या टेबलाखाली कातरणांची पेटी होती, तीत आग लागली. दहाव्या मजल्यावर मालक बसत; त्यांना टेलिफोनने निरोप गेला आणि ते गच्चीवरून सुटले. नवव्या मजल्याला निरोप गेलाच नाही. तेथील एका जिन्याचे दार कुलूपबंद होते. अग्निशामक दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती. १४६ माणसे मेली. बहुतेक ज्यू आणि इटालियन मुली होत्या, पुष्कळ विशीच्या आतल्या. डिसेंबरात मालक निर्दोष सुटले. शेजारच्या इमारतीत न्यूयॉर्क विद्यापीठाचा कायद्याचा वर्ग चालू होता. तेथील विद्यार्थ्यांनी शिड्या लावून गच्चीवरच्या अनेकांना वाचविले. आगीची ती इमारत पुढे त्याच विद्यापीठाकडे आली आणि आज तेथे विज्ञानाचे वर्ग भरतात. कुलूपबंद नवव्या मजल्यावर पुढे विद्यार्थी शिकू लागले, हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो होतो.

त्याच १९११ साली फ्रेडरिक टेलर यांचे 'शास्त्रीय व्यवस्थापना'वरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचा सारांश असा की कामगारांच्या हातांत पिढ्यान्‌पिढ्या साठलेले कसब व्यवस्थापनाने गोळा करावे, घड्याळाने मोजावे, त्याचे नियम करावेत आणि ते नियम कामगाराला हुकूम म्हणून परत द्यावेत. टेलर यांनी ही गोष्ट लपविलेली नाही, उघड सांगितली आहे. आज गार्मेंट टेक्नॉलॉजीच्या वर्गात जे 'टाइम स्टडी' शिकवितात, त्याचे मूळ येथे आहे.

यावर अमेरिकेतील या युनियनने काय केले? पॅरिसच्या शिंप्यांप्रमाणे घड्याळे फोडली नाहीत. तिने स्वतःचा इंजिनियर नेमला. १९४१ साली युनियनने आपले 'व्यवस्थापन-अभियांत्रिकी' खाते उघडले आणि विल्यम गोम्बर्ग यांना त्याचे प्रमुख केले. डेव्हिड डुबिन्स्की तेव्हा अध्यक्ष होते, आणि ते स्वतः कापणाऱ्यांच्या शाखेतून वर आले होते. बेताची किंमत त्यांना कळत होती. गोम्बर्ग यांनी १९४८ साली कामगारांच्या बाजूने टाइम स्टडीची चिकित्सा करणारे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की घड्याळाने काढलेला आकडा हा निसर्गनियम नव्हे. त्यात माणसाचा अंदाज मिसळलेला असतो, आणि जेथे अंदाज आहे तेथे वाटाघाटीला जागा आहे.

हे नुसते तत्त्वज्ञान नाही. साधे गणित करून पाहू. समजा, कॉलर जोडण्यास बाई चाळीस सेकंद घेते. त्यावर दमणूक, दोरा तुटणे, पाणी पिणे, लघुशंका यांसाठी शेकडा दहा सूट धरली तर चव्वेचाळीस सेकंद होतात. आठ तासांचे सेकंद अठ्ठावीस हजार आठशे. म्हणजे दिवसाचे टार्गेट ६५४ कॉलर. तीच सूट शेकडा वीस धरली तर अठ्ठेचाळीस सेकंद आणि ६०० कॉलर. घड्याळ तेच, बाई तीच, चाळीस सेकंदही तेच. चोपन्न कॉलरांचा फरक केवळ सूट कोणी ठरविली यावर पडला. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर चौदाशेवर कॉलर होतात.

अशा वातावरणात १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये 'फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी' निघाली. चोविसाव्या रस्त्यावर सुईच्या धंद्याचे एक मोठे हायस्कूल होते, त्याच्या वरच्या दोन मजल्यांवर शंभर विद्यार्थ्यांनिशी ती सुरू झाली. त्या हायस्कूलच्या सभागृहात अर्न्स्ट फीने या चित्रकाराने सुईच्या धंद्याचा इतिहास दोन्ही बाजूंच्या भिंतींवर रंगविला आहे. त्यात कोंदट कारखाने आहेत, ट्रँगलची आग आहे, युनियनही आहे. धंद्याची ही शाळा व ही संस्था कारखानदार, शिक्षक आणि संघटित कामगार यांच्या एकत्र पाठिंब्यावर उभी राहिली. संस्थेतील विद्यार्थी-केंद्राला पुढे डुबिन्स्की यांचे नाव देण्यात आले. कामगार पुढाऱ्याचे नाव फॅशनच्या कॉलेजला! आपल्याकडे असे सुचविले तर सुचविणाराची प्रकृती विचारतील. १९५१ साली या संस्थेला दोन वर्षांची पदवी देण्याचा अधिकार मिळाला, १९७५ मध्ये चार वर्षांची आणि १९७९ मध्ये मास्टरची. आगीपासून मास्टरच्या पदवीपर्यंत अडुसष्ट वर्षे लागली.

आता आपल्याकडे. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. तीच आजची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था. गिरण्यांना माणसे हवी होती, म्हणून कापडाच्या शास्त्राला तेथे पहिल्यापासून मान मिळाला. कापड विणण्याच्या शास्त्राला १८८७ साली घर मिळाले; तेच कापड शिवण्याच्या शास्त्राला राष्ट्रीय संस्था मिळण्यास १९८६ उजाडले. जवळजवळ शंभर वर्षांचे अंतर! कारण उघड आहे. विणणे हा उद्योग मानला गेला. शिवणे हे एका जातीचे काम किंवा घरच्या बाईचे काम मानले गेले. पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवणकर्तनाचे वर्ग चालविले आणि कितीतरी विधवा-परित्यक्तांना त्यांनी मानाने जगविले. त्या वर्गांचे मोल मी कमी करीत नाही. पण त्यांतून निर्वाह निघाला, इंजिनियर निघाला नाही.

आणखी एक कारण सरकारी धोरणाचे. तयार कपड्यांचे उत्पादन पुष्कळ वर्षे लघुउद्योगांसाठी राखीव होते. ते बंधन विणलेल्या कापडाच्या कपड्यांवरून २००० सालच्या वस्त्रधोरणाने उठले. गाळ्यात पंधरा यंत्रे टाकून चालविलेल्या धंद्याला इंजिनियर कशाला लागतो? कटिंग मास्टर असला म्हणजे पुरे. तरीही १९७४ पासून परदेशांशी कोट्याचा करार होता आणि निर्यात वाढत होती. मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार बाहेर पडले. पुष्कळ गिरण्या पुढे बंदच पडल्या, आणि लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या जागी आज तयार कपड्यांच्या दुकानांचा बाजार भरतो. त्या दशकात कापड विणणाऱ्याची नोकरी गेली आणि कापड शिवणाऱ्याचा धंदा वाढला, पण शिवणाऱ्याला गिरणीतला पगारही मिळाला नाही आणि गिरणीतली युनियनही.

याच काळात, १९८६ साली, केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने दिल्लीला 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी' म्हणजे निफ्ट काढली. तिला साहाय्य कोणाचे? न्यूयॉर्कच्या त्याच फॅशन इन्स्टिट्यूटचे! १९९५ मध्ये मुंबईसह आणखी शहरांत तिची केंद्रे निघाली. मुंबईचे केंद्र आज खारघरला आहे. वीस वर्षे ती डिप्लोमा देत होती. २००६ साली संसदेने कायदा करून तिला पदव्या देण्याचा अधिकार दिला, आणि मास्टरच्या पदव्या त्यानंतरच्या.

न्यूयॉर्कहून दिल्लीला काय काय आले, याचा मी विचार करतो. अभ्यासक्रम आला, बेतण्याच्या पद्धती आल्या, टाइम स्टडी आला. भिंतीवरचे चित्र आले नाही. गोम्बर्ग आले नाहीत. पाठिंबा देणाऱ्यांच्या तीन पायांपैकी एक पाय समुद्र ओलांडताना गळून पडला. याचा दोष मी त्या संस्थेला एकटीला देत नाही. १९८६ साली शिलाई कामगारांची सांगण्यासारखी संघटना आपल्याकडे कोठे होती? बोलावणे कोणाला पाठविणार? आम्ही युनियनवाले गिरणीच्या भोंग्याकडे कान लावून बसलो होतो. गाळ्यातल्या यंत्राचा आवाज आम्हाला बारीक वाटला.

या शिक्षणात कसदार काही नाही, असेही कोणी समजू नये. निफ्टने हाती घेतलेली मोजणीच पाहा. आपल्याकडे तयार कपड्यांची मापे अमेरिकन-इंग्रजी कोष्टकांवरून उचललेली. अमेरिकेने आपल्या स्त्रियांची मोजणी १९३९-४० साली केली. १४,६९८ स्त्रियांची मापे घेतली, आणि कोष्टक करताना फक्त गोऱ्या स्त्रियांची मापे जमेस धरली. त्या कोष्टकाचा सदरा आमच्या अंगावर खांद्यात सैल आणि पोटावर तंग बसला तर नवल काय! म्हणून सहा शहरांत पंचवीस हजारांवर भारतीयांची अंगे यंत्राने मोजण्याचे काम निफ्टने घेतले. हे खरे संशोधन आहे. पूर्वीचा शिंपी एका नजरेत वाकलेला खांदा ओळखून मुंढा खाली घेत असे. ती नजर कोट्यवधी लोकांना पुरवावयाची तर कोष्टकाला पर्याय नाही.

या पदवीचा एक अनुभव सांगतो. एका कारखान्यात, त्याचे नाव नको, टार्गेटवरून तंटा होता. मालकांनी मास्टर झालेल्या एका तरुण मुलीला स्टॉपवॉच देऊन लाईनवर उभे केले. बायका चिडल्या. कॉलरवाल्या मावशी तिला म्हणाल्या, "बाळ, तू माझा हात मोजतेस, पण माझ्याकडे येणारा बंडल मोजत नाहीस. मागची कॉलर वाकडी कापून आली की ती सरळ करायला माझेच हात लागतात, ते कुठं धरलंस?" मुलगी गप्प राहिली. पण दुसऱ्या दिवशी ती कटिंगच्या टेबलाशी उभी होती, आणि तिसऱ्या दिवशीही. तिच्या अहवालात सूट वाढली आणि दोष कापण्याच्या टेबलावर गेला. मालक फारसे खूश झाले नाहीत. मला मात्र त्या दिवशी कळले की ही विद्या कोणाच्या बापाची नाही. ती मोजणाराच्या डोळ्यांवर आहे. मावशींनी जे सांगितले ते पाठ्यपुस्तकात असणारच. फरक इतकाच की ते त्यांना कोणी शिकविले नव्हते आणि त्यांच्याकडून कोणी शिकले नव्हते.

ज्ञान असून भागत नाही, याचा दाखला आपल्या शेजारीच आहे. बांगलादेशात ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा नावाची इमारत होती. २३ एप्रिल २०१३ रोजी तिला तडे गेले. इंजिनियरने इमारत धोक्याची ठरविली. खालची बँक आणि दुकाने बंद झाली. वरच्या कपड्यांच्या कारखान्यांतील कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आत बोलावले गेले, आणि इमारत कोसळून अकराशेंवर माणसे मेली. शास्त्राने आपले काम केले होते. ते शास्त्र ऐकून दाराशी थांबण्याचा हक्क शिवणाऱ्या बाईला नव्हता. त्यानंतर परदेशी कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात जो करार झाला, त्यात इंजिनियरांच्या तपासणीबरोबर असुरक्षित जागी काम नाकारण्याचा हक्क लिहून घेतला गेला.

आपल्याकडे शिलाई कामगाराला पूर्वानुभवाचे प्रमाणपत्र देण्याची सरकारी योजना २०१५ पासून आहे. ते प्रमाणपत्र मी पाहिले आहे. कागद चांगला असतो. पण पंधरा वर्षे ओव्हरलॉक चालविलेल्या बाईला त्या कागदाच्या जोरावर खारघरच्या फाटकातून आत जाता येत नाही. हातमाग आणि हस्तकलेच्या कारागिरांसाठी व त्यांच्या मुलांसाठी निफ्टने वेगळी वाट ठेवली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. कारखान्यातली शिलाई कामगार मात्र 'कारागीर' या व्याख्येत बसत नाही. मास्टरच्या विद्यार्थ्यांना शेवटी प्रबंध लिहावा लागतो. त्यासाठी विषय हवे असतील तर माझ्याकडे एक आहे. मुंबईच्या गाळ्यांतले कटिंग मास्टर मराठी, हिंदी, उर्दू मिसळून एक भाषा बोलतात. मुंढा, कळी, गोट, अस्तर, टीप, काज यांच्या पलीकडे त्यांच्याकडे शेकडो शब्द आहेत. कापडाच्या प्रत्येक वळणाला नाव आहे, प्रत्येक चुकीला शिवी आहे. माझ्या पाहण्यात तरी या शब्दांचा कोश कोणी केलेला नाही. हे काम दोन वर्षांत होण्यासारखे आहे. मी ओळखतो त्या मास्तरांपैकी बहुतेक साठीच्या पुढे गेले आहेत, आणि दुपारी दोन ते चार या वेळात ते बोलायला मोकळे असतात.